हॉस्टेलची सही आणि काळी पट्टी

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की यूएमएलच्या (सॉफ्टवेअर चित्रांत मांडायची ठरलेली भाषा) अ‍ॅक्टिव्हिटी डायग्राममध्ये सगळ्यात जास्त चुका त्या जाड काळ्या पट्टीपाशी होतात, जिथून एका वाटेच्या चार वाटा फुटतात. (अ‍ॅक्टिव्हिटी डायग्राम म्हणजे कामाचे टप्पे बाणांनी जोडून दाखवणारं चित्र; वाटा फोडणारी पट्टी म्हणजे फोर्क, त्या परत एकत्र आणणारी जॉइन.) एवढ्या एका वाक्यावर इतके मेल येतील असं वाटलं नव्हतं. या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवतो आणि सगळी जागा त्या पट्टीला देतो. काही प्रश्न लांब होते, ते थोडे कापलेत.

प्रश्न : सर, मी टीई कॉम्प्युटरला (इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला) आहे. आमच्या मिनी प्रोजेक्टचा विषय ऑनलाइन नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला. मुलाने अर्ज केला की तो एकाच वेळी लायब्ररी, लॅब, हॉस्टेल आणि अकाउंट्स अशा चार टेबलांवर जातो, चौघांनी क्लिअर केलं की एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) तयार. मी स्टारयूएमएल या डायग्राम काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोर्क काढला, चार फांद्या, खाली जॉइन. ओरलला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "ही मुलगी घरून येऊन-जाऊन करते, हिला एलसी कधी मिळणार?" मी म्हटलं, मिळेल ना सर. ते म्हणाले, "कधीच नाही," आणि मार्क कापले. हॉस्टेलच्या बाणावर मी [हॉस्टेलला राहते] अशी अट लिहिलीपण होती. मग चुकलं काय? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : एक्स्टर्नल बरोबर होते. मार्क कापायला नको होते हे माझं मत, कारण ही चूक वीस वर्षं नोकरी केलेली माणसंही करतात.

घरात चिंचोके असतील तर मूठभर घे, नसतील तर शेंगदाणे चालतील. डायग्रामचा प्रिंट काढून टेबलावर पसर आणि सुरुवातीच्या काळ्या ठिपक्यावर एक चिंचोका ठेव. गंमत वाटेल, पण यूएमएल 2.0 पासून, म्हणजे 2005 पासून, अ‍ॅक्टिव्हिटी डायग्रामचा अर्थ असाच लावतात, फक्त चिंचोक्याला तिथे टोकन म्हणतात. कल्पना मूळची पेट्री नेट या गणिती पद्धतीची, कार्ल अ‍ॅडम पेट्री या जर्मन गणितज्ञाच्या 1962 च्या प्रबंधातली. चिंचोका बाणावरून सरकतो, अ‍ॅक्शनमध्ये (काम लिहिलेल्या चौकोनात) जाऊन बसतो, काम झालं की पुढच्या बाणावर येतो.

आता तो फोर्कवर आला. आत एक गेला, बाहेर किती येतात? जितक्या फांद्या तितके. चिंचोक्याचे चार तुकडे होत नाहीत, चार अख्खे चिंचोके होतात. खालच्या जॉइनचं काम याच्या उलट. तो आत येणारे बाण मोजतो, प्रत्येक बाणावर चिंचोका आलाय का बघतो, आणि सगळे आले की ते उचलून पुढे एकच सोडतो. एक जरी कमी असला तरी तो हलत नाही.

आता घरून येणारी मुलगी. लायब्ररीचा चिंचोका आला, लॅबचा आला, अकाउंट्सचा दोन दिवसांनी का होईना पण आला. हॉस्टेलचा? तो तू फोर्कच्या तोंडालाच अट लावून अडवलास. जॉइनला तुझी अट माहीतच नाही, त्याला आपल्याकडे चार बाण येतात एवढंच कळतं, म्हणून तो चौथ्याची वाट बघत बसलाय आणि ती मुलगी एलसीशिवाय घरी बसलीय.

दुरुस्ती सोपी आहे. फोर्कच्या बाणावरची अट काढ, तिथून चारही चिंचोके बिनशर्त सोड. मग हॉस्टेलच्या फांदीत आत एक डिसिजनचा डायमंड टाक, जो अट बघून एकच वाट निवडतो. [राहते] असेल तर "हॉस्टेलची थकबाकी तपासा", [अन्यथा] असेल तर त्या अ‍ॅक्शनला वळसा घालून सरळ खाली. दोन्ही वाटा एका मर्ज डायमंडमध्ये (आलेला चिंचोका न थांबवता पुढे सोडणारा) आण आणि तिथून एकच बाण जॉइनला. आता हॉस्टेलला राहो न राहो, चौथा चिंचोका येणारच. हे माझ्या डोक्यातलं नाही, यूएमएलच्या स्पेसिफिकेशनमध्येच, म्हणजे अधिकृत नियमांमध्ये, हा सल्ला आहे : फोर्कमधून निघणाऱ्या बाणावर अट घालायचीच असेल तर पुढे कुठलाही जॉइन त्या बाणावर अवलंबून नाही हे बघा, आणि तसं जमणार नसेल तर डिसिजन घालून टोकनला जॉइनपर्यंत वळसा द्या.

लायब्ररीत पुस्तक बाकी निघालं तर काय, हे तू लिहिलेलं नाहीस पण पुढचा एक्स्टर्नल विचारणार. ती फांदी आपल्यातल्या आपल्यात फिरव : तपासा, बाकी असेल तर "पुस्तक परत करा", आणि पुन्हा तपासा. परत येणारा बाण थेट "तपासा"वर नको, त्याच्या आधी एक मर्ज डायमंड ठेव (का ते खाली पिंपरीच्या वाचकांना सांगितलंय). तोवर बाकीचे तीन चिंचोके जॉइनच्या दाराशी शांत बसून राहतील, त्यांना पुन्हा पहिल्यापासून यावं लागत नाही. खऱ्या कॉलेजात मात्र क्लार्क सांगतो की फॉर्म नवीन भरा. असो.

अजून दोन गोष्टी. स्टारयूएमएलच्या टूलबॉक्समध्ये फोर्क आणि जॉइन वेगवेगळे आहेत पण कागदावर दोघेही सारखेच दिसतात, जाड काळी रेघ, त्यामुळे पोरं दोन्ही ठिकाणी फोर्कच ओढून टाकतात आणि चित्र छान दिसत असल्यामुळे कुणाला कळत नाही, पण मॉडेलच्या झाडात (सगळ्या घटकांच्या यादीत) उघडून बघितलं की जॉइनच्या जागी फोर्क बसलेला असतो. तुझं एकदा तपासून घे. आणि दुसरं, तू "एकाच वेळी" लिहिलंयस. फोर्क तसं म्हणत नाही. या चार कामांना आपापसात क्रम नाही, एवढंच तो म्हणतो. पुरणपोळीला डाळ शिजत असताना कणीक भिजवली काय किंवा आधीच भिजवून मुरत ठेवली काय, लाटायला घेण्याआधी पुरण आणि कणीक दोन्ही तयार पाहिजे, आणि ते करणारी आई एकटीच असते. तुमच्या कॉलेजात चारही टेबलांवर एकच क्लार्क फिरत असेल तरी तुझा फोर्क चुकत नाही.

प्रश्न : मी एका छोट्या टीममध्ये बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. साड्यांच्या ऑनलाइन दुकानाचा फ्लो मी प्लँटयूएमएलमध्ये (मजकुरावरून चित्र काढून देणारं टूल) लिहिला. ऑर्डर कन्फर्म झाली की तीन गोष्टी सुरू : माल पॅक, बिल तयार, ग्राहकाला एसएमएस. पॅकिंग आणि बिल झालं की "ऑर्डर पूर्ण"चा मेल जातो. डेव्हलपरने केलं ते असं झालं की मेल दोनदा जातो. भांडलो तर तो म्हणाला तुमच्याच डायग्रामप्रमाणे केलंय. शिवाय टेस्टर म्हणतो की एसएमएस गेला की सगळंच बंद पडायला पाहिजे असं तुमचं चित्र सांगतं. मी एसएमएसच्या फांदीला शेवटचं गोल चिन्ह दिलंय, कारण त्याच्यासाठी कुणी थांबायचं नाही. — नाशिक

उत्तर : डेव्हलपरशी समेट करा, चहा तुमच्याकडून. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात फोर्क आणि फोर्क अगेन लिहून शेवटी एन्ड फोर्कच्या ऐवजी एन्ड मर्ज टाकलंय. एका शब्दाचा फरक, पण खाली काळ्या पट्टीच्या जागी डायमंड येतो, आणि डायमंड म्हणजे मर्ज. मर्ज कुणासाठीच थांबत नाही. पॅकिंगचा चिंचोका आला, सोडला पुढे, मेल गेला. बिलाचा आला, सोडला पुढे, दुसरा मेल गेला. तुमच्या डेव्हलपरने डायग्राम नीट वाचला, असे फार कमी भेटतात, जपा त्यांना.

म्हणजे सांगलीच्या मुलीकडे एक चिंचोका कमी पडला आणि तुमच्याकडे एक जास्त झाला. ती अटीने एक वाट बंद करून पुढे जॉइनला गेली, तिचं काम अडकून पडलं. तुम्ही फोर्कने वाटा फोडून मर्जवर आणल्या, तुमचं काम दोनदा झालं. पहिली चूक निदान लगेच कळते कारण काहीच हलत नाही. दुसरी वाईट, कारण सगळं चालू दिसतं आणि ग्राहकाला दोन मेल, कधी दोन पार्सल, आणि पैशाच्या फ्लोमध्ये असेल तर दोन रिफंडसुद्धा जातात.

आता एसएमएस. शेवटचं चिन्ह दोन प्रकारचं असतं. वर्तुळात भरीव काळा ठिपका, बैलाच्या डोळ्यासारखा, तो अ‍ॅक्टिव्हिटी फायनल. त्याच्यावर पहिला चिंचोका पोचला की टेबलावरचे सगळे चिंचोके उचलायचे, कोण कुठे आहे बघायचं नाही, खेळ खलास. दुसरं चिन्ह वर्तुळात फुली, ते फ्लो फायनल, तिथे आलेला फक्त तो एकच चिंचोका संपतो, बाकीच्यांना काही होत नाही. तुम्हाला फुली हवी होती. तुमच्या चित्राप्रमाणे एसएमएस गेला की साडी अर्धी पॅक होऊन टेबलावर राहते. टेस्टरचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. प्लँटयूएमएलमध्ये स्टॉप लिहिलं की ठिपका येतो आणि एन्ड लिहिलं की फुली, आणि नावं अशी उलटी-सुलटी वाटणारी असल्यामुळे मी स्वतः दर वेळी रेंडर करून (चित्र काढून) बघतो.

फोर्कची प्रत्येक फांदी जॉइनला आलीच पाहिजे असा नियम नाही. एसएमएससारखी "सोडून दिली" अशी फांदी फुलीवर संपवली तर चालतं, फक्त तिचा बाण जॉइनला नेऊ नका. यूएमएलच्या स्पेसिफिकेशनमधलं ऑर्डरचं उदाहरण बघा, तिथे माल पाठवणं एका फांदीवर आणि बिल पाठवणं, पैसे भरणं, पैसे स्वीकारणं दुसऱ्या फांदीवर आहे, दोन्ही जॉइनला येतात आणि मग ऑर्डर बंद होते. तुमच्या साड्यांच्या दुकानाला तेवढंच पुरे आहे, वर एक एसएमएसची फांदी.

प्रश्न : पट्टी आडवी काढायची की उभी? आमच्या विभागात यावरून दोन गट पडलेत. — पॉलिटेक्निकचे एक शिक्षक, लातूर

उत्तर : कशीही. चित्र वरून खाली येत असेल तर आडवी, डावीकडून उजवीकडे जात असेल तर उभी, स्विमलेन (कोणतं काम कुणाचं ते दाखवणारे पट्टे) असतील तर लेनच्या रेघांवरून सरळ लांब ओढली तरी चालते. एकाच पट्टीत तीन बाण आत आणि दोन बाहेर असंही चालतं, ते जॉइन आणि लगेच फोर्क असं एकत्र मानतात. यावरून मार्क कापू नका हो.

प्रश्न : आमच्याकडे 2001-02 च्या सुमाराचे रॅशनल रोजमध्ये काढलेले डायग्राम आहेत, साधारण दोनशे. ते एंटरप्राइज आर्किटेक्टमध्ये नव्याने काढायचं काम माझ्याकडे आलंय. मी जसेच्या तसे उतरवतोय. आमची नवीन आर्किटेक्ट म्हणते यातले निम्मे सुरूच होणार नाहीत. तेव्हा चालत होते, आता काय झालं? उदाहरणार्थ "पार्टची तपासणी करा" ही अ‍ॅक्शन, नापास झाला तर "दुरुस्ती" आणि तिथून बाण परत तपासणीवर. यात चूक काय? — पिंपरी

उत्तर : तुम्ही काही चुकलेला नाहीत. मधल्या काळात भाषा बदलली.

यूएमएल 1 च्या काळात अ‍ॅक्टिव्हिटी डायग्राम म्हणजे स्टेट मशीनचाच (एका अवस्थेतून दुसरीत जाणं दाखवणाऱ्या आकृतीचा) एक प्रकार मानला जायचा. एका अ‍ॅक्शनवर दोन बाण आले तर कुठल्याही एकावरून आलात तरी चालेल, म्हणजे तिथे न काढलेला मर्ज आहे असं धरायचे. यूएमएल 2 मध्ये टोकनचा हिशोब आला आणि तीच जागा न काढलेला जॉइन झाली. अ‍ॅक्शनवर दोन बाण येत असतील तर दोन्हीवर चिंचोका आल्याशिवाय ती सुरू होत नाही. चित्र तेच, एक रेघ इकडची तिकडे नाही, आणि अर्थ उलटा.

तुमची तपासणी घ्या. पहिला बाण सुरुवातीकडून, दुसरा दुरुस्तीकडून. सुरुवातीचा चिंचोका आला. आता तपासणी दुरुस्तीच्या चिंचोक्याची वाट बघणार, आणि दुरुस्ती तपासणी नापास झाल्याशिवाय होणार नाही. म्हणजे आधी लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. तुमच्या आर्किटेक्टबाईंना हेच म्हणायचंय.

उपाय प्रत्येक ठिकाणी एकच : अ‍ॅक्शनच्या आधी एक मर्ज डायमंड टाका, दोन्ही बाण त्यात घ्या, तिथून एकच बाण अ‍ॅक्शनवर. दोनशे डायग्राम म्हणजे कंटाळवाणं आहे, पण शोधायला सोपं, ज्या अ‍ॅक्शनवर एकापेक्षा जास्त बाण येतात तेवढ्याच बघायच्या. मी असं एक काम केलं होतं तेव्हा प्रिंटवर नुसते लाल गोल करत गेलो, एका दुपारी साठ पानं झाली. सरसकट डायमंड मात्र टाकू नका. काही ठिकाणी जुन्या माणसाला खरंच दोघांसाठी थांबायचं असेल आणि त्याने पट्टी काढलेली असेल, तिथे पट्टीच राहू द्या.

बाहेर जाणाऱ्या बाणांचंही बघा. एका अ‍ॅक्शनमधून अट न लिहिलेले दोन बाण निघत असतील तर यूएमएल 2 मध्ये तो फोर्क, दोन्हीकडे चिंचोका जाणार. "पास" आणि "नापास" असे दोन बाण डायमंड न काढता थेट तपासणीतून काढले असतील आणि अट चौकटी कंसात न लिहिता नुसतं लेबल म्हणून चिकटवली असेल, तर पार्ट एकाच वेळी पासही होतो आणि दुरुस्तीलाही जातो. एंटरप्राइज आर्किटेक्टमध्ये बाणाचं नाव आणि बाणावरची गार्ड, म्हणजे अट, या वेगळ्या जागा आहेत, घाईत लोक नावातच अट लिहितात.

एक दिलासा. जुन्या नियमात फोर्क आणि जॉइन कंसासारखे जोडीने, एकात एक नीट बसलेले लागायचे. आता तशी सक्ती नाही, त्यामुळे जुन्या माणसांनी केवळ नियमापोटी घातलेले काही जॉइन तुम्हाला काढूनही टाकता येतील. पण आधी विचारा, मग काढा.

प्रश्न : नाटकाच्या तिकिटांचं अ‍ॅप करतोय. प्रेक्षकाने सीट निवडली की 10 मिनिटं ती धरून ठेवायची, तेवढ्यात पैसे आले तर तिकीट, नाही आले तर सीट सोडायची. पैशाची वाट आणि घड्याळ दोन्ही एकदम सुरू होतं म्हणून फोर्क काढला. खाली जॉइन लावला तर पटत नाही, मर्ज लावला तरी पटत नाही. — डोंबिवली

उत्तर : पटत नाही हे कळलं तिथेच अर्धं काम झालं. जॉइन लावला तर पहिल्या मिनिटाला यूपीआयने पैसे भरलेल्या माणसालाही 10 मिनिटं पूर्ण होईपर्यंत तिकीट मिळणार नाही, कारण जॉइनला घड्याळाचाही चिंचोका हवा. मर्ज लावला तर पैसे आले की तिकीट मिळेल, आणि 10 मिनिटं पूर्ण झाली की घड्याळाचा चिंचोका येऊन तीच सीट सोडून देईल. मग पहिल्या अंकाला एकाच खुर्चीवर दोघं. डोंबिवलीत हे परवडणार नाही.

तुम्हाला हवंय ते वेगळं आहे, शर्यत. जो पहिला पोचेल तो जिंकला, दुसऱ्याने जागच्या जागी थांबायचं. त्यासाठी यूएमएलमध्ये इंटरप्टिबल रिजन आहे. तुटक रेघेचा गोल कोपऱ्यांचा चौकोन काढायचा आणि फोर्कनंतरच्या दोन्ही वाटा त्याच्या आत ठेवायच्या. एका वाटेवर "पेमेंट मिळालं" हा इव्हेंट घेणारी अ‍ॅक्शन, तिचा आकार एका बाजूने खाच पडलेला असतो. दुसऱ्या वाटेवर वाळूच्या घड्याळासारखं चिन्ह, खाली "10 मिनिटं". दोघांमधून चौकोनाबाहेर जाणारे बाण विजेसारखे नागमोडी काढायचे. त्या नागमोडी बाणावरून एक चिंचोका चौकोनाबाहेर पडला की आत उरलेले सगळे चिंचोके मरतात. पेमेंटवाला बाण "तिकीट द्या"कडे, घड्याळवाला "सीट सोडा"कडे. पुढे दोन्ही वाटा मर्जने एकत्र आणा, आता मर्ज बरोबर आहे कारण दोघांपैकी एकच येणार.

यात एक भोक राहतं ते बघून ठेवा. माणसाने नऊ मिनिटं पंचावन्न सेकंदांना पैसे पाठवले आणि बँकेकडून निरोप अकराव्या मिनिटाला आला तर? चौकोनातला ऐकणारा मेलेला आहे. पैसे गेले, सीट गेली, आणि डायग्राममध्ये त्या निरोपाला कुणी वालीच नाही. "सीट सोडा"नंतर उशिरा आलेलं पेमेंट ऐकणारी एक वेगळी वाट काढा, तिच्या टोकाला रिफंड. हे चित्रात असलं तर कोडमध्ये येतं, नसलं तर कस्टमर केअरच्या फोनवर येतं.

ड्रॉ.आयओ वापरत असाल तर तुटक चौकोन आणि नागमोडी बाण हाताने जुळवावे लागतील, ते टूल चित्र काढतं, अर्थ तपासत नाही. मॅजिकड्रॉ या टूलबरोबर केमिओ सिम्युलेशन टूलकिट असेल तर डायग्राम चालवून टोकन पळताना बघता येतात, पण ते महाग प्रकरण आहे. चिंचोके फुकट आहेत.

प्रश्न : द्राक्षांच्या पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर. एका शेतकऱ्याच्या गाडीतून जेवढे क्रेट येतील तेवढ्यांचं वजन, शुगर तपासणी आणि लेबल. क्रेट एकमेकांसाठी थांबत नाहीत. फोर्कला किती फांद्या काढू? कधी 40 क्रेट असतात कधी 200. — दिंडोरी

उत्तर : एकही नको. फांद्यांची संख्या चित्र काढताना माहीत नसेल तर तो फोर्कचा प्रांत नाही. तुम्हाला एक्सपान्शन रिजन लागेल. तोही तुटक रेघेचा चौकोनच, पण त्याच्या काठावर छोट्या छोट्या खणांची एक पट्टी असते, रेल्वेच्या डब्यांसारखी, एक आत येण्याच्या बाजूला आणि एक बाहेर जाण्याच्या. आत फक्त एका क्रेटचं काम काढा : वजन, शुगर, लेबल. वर कोपऱ्यात पॅरलल लिहिलं की अर्थ होतो, जितके क्रेट आले तितक्या वेळा हे आतलं चालेल, क्रमाचं बंधन नाही. सगळे झाले की बाहेरच्या खणांतून तपासलेल्या क्रेटचा पूर्ण संच एकदम पुढे जातो, त्यामुळे वेगळा जॉइन लागत नाही. एकामागून एकच घ्यायचे असतील तर पॅरललच्या जागी इटरेटिव्ह.

तुमच्याकडे शुगर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर एकच आहे असं तुम्ही पुढे लिहिलंय आणि मग पॅरलल कसं म्हणू असं विचारलंय. म्हणा. वजनकाट्यावर एक क्रेट असताना दुसऱ्याची शुगर बघता येते ना, मग झालं. ज्या दिवशी पॅकहाउसचा मॅनेजर म्हणेल की क्रेट गाडीतून उतरले त्याच क्रमाने लेबल लागलं पाहिजे, त्या दिवशी तो शब्द बदला.